वाजवून दाखवा

जुलै उजाडला की आमच्या धंद्यातल्या माणसांचे फोन वाजायला लागतात. जानेवारीतही तेच. मधले पाच महिने ज्यांना आमचा नंबर आठवत नाही ते सकाळी आठलाच फोन करतात, "तेवढा फॉर्म बी करून टाका हो." करून टाका! लिफ्ट अडकली तर हाच माणूस म्हणतो, "माणूस पाठवा, आत्ताच्या आत्ता पाठवा." फायर अलार्मच्या वाट्याला मात्र 'करून टाका' येतं, जसं एखादं श्राद्ध उरकून टाकतात.

या जुलैत आमच्या भागातल्या व्यापारी संकुलांचे मालक आणि गाळेधारक यांची बैठक झाली. फायर अलार्मच्या देखभालीवर 'दोन शब्द' सांगायला मला बोलावलं होतं. माझ्या आधी एक ज्येष्ठ गृहस्थ बोलले. तीन-चार इमारती सांभाळलेला माणूस, शब्दाला वजन. नाव घेत नाही, कारण त्यांचा मान ठेवायचा आहे आणि ते एकटे तसं म्हणणारे नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही सहामाही तपासणी म्हणजे शुद्ध दंड आहे. अलार्म वाजतो तेव्हा आग नसते, आणि आग लागते तेव्हा माणसं आधीच ओरडत असतात. नवी पॅनलं आपली तपासणी आपणच करतात, त्यांना माणूस लागत नाही. आणि फॉर्म तर बाजारात मिळतोच, मग हे नाटक सरकारनं एकदाचं बंद करावं. टाळ्या पडल्या. माझ्या वाट्याला पाच मिनिटं आली, त्यातली दोन माइक नीट करण्यात गेली. उरलेलं इथे लिहितो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात ते खरं बोलले. फॉर्म बाजारात मिळतो. मी या धंद्यात वीस वर्षं आहे, मला हे कोणी पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवायची गरज नाही. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम सांगतो की यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची. ती सुस्थितीत आणि कार्यक्षम आहे असं लायसन्स्ड एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं. हाच तो फॉर्म बी. प्रत्यक्ष देखभाल झाल्याशिवाय एजन्सीनं असं प्रमाणपत्र देऊ नये, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना आमची जात आधीच ठाऊक होती.

आता साधा हिशेब करू. एका मध्यम संकुलात 300 डिटेक्टर धरा. शिडी लावायची, काठीच्या टोकावरच्या टोपीतून धूर सोडायचा, डिटेक्टरचा लाल दिवा लागेपर्यंत थांबायचं, खाली पॅनलवर बसलेल्या सहकाऱ्याला तोच क्रमांक, तीच जागा आली का ते विचारायचं, रिसेट करून पुढे सरकायचं. एकाला चार मिनिटं म्हटली तरी 20 तास झाले. दोन माणसांचे अडीच दिवस. आणि आमच्यातले काही भिडू स्कूटर सुरू ठेवून फॉर्मवर शिक्का मारून जातात. तेव्हा गृहस्थांचा राग मला समजतो. पण तो राग ते कुणावर काढताहेत? खोटा शिक्का मारणाऱ्यावर नाही, तर तपासणीवर. दूधवाला पाणी घालतो म्हणून घरातलं दूधच बंद करायचं असा हा न्याय झाला. शिवाय स्वस्तातला शिक्का कुणी मागितला, हेही एकदा आरशात बघून विचारावं. मी 20 तासांचं कोटेशन दिलं की समोरचा म्हणतो, "अमका तर निम्म्या पैशात करतो." अमका काय करतो हे दोघांनाही माहीत असतं.

तरीही या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती त्या सभागृहात कोणी बोललं नाही. इमारतीतलं प्रत्येक यंत्र वापरातून स्वतःची खबर देतं. लिफ्ट बंद पडली की पाच मिनिटांत बोंब होते. एसी गळला की खालच्या मजल्यावरचा भांडायला येतो. पंप बसला की नळ कोरडे. फायर अलार्म हे एकच असं यंत्र आहे की ते मेलं तर इमारतीतल्या एकाही माणसाच्या दिवसात काहीही बदलत नाही. तीन वर्षं मेलेलं पॅनल आणि उत्तम चाललेलं पॅनल, दोन्ही सारखीच शांत असतात. म्हणून ते जिवंत आहे का हे कळायला ते मुद्दाम वाजवावं लागतं. दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

यावर गृहस्थांचं उत्तर होतं ते नव्या पॅनलांचं. अ‍ॅड्रेसेबल पॅनल प्रत्येक डिटेक्टरला नावानं ओळखतं, तार तुटली की फॉल्ट दाखवतं, डिटेक्टरच्या आत धूळ जमली तर तेही सांगतं. खरं आहे, आणि चांगलं आहे. पण पॅनलला काय कळतं आणि काय कळत नाही, हे जरा जवळून बघू.

मागच्या वर्षी एका सहा मजली संकुलात गेलो. पॅनल तळमजल्यावर, वॉचमनच्या खुर्चीमागे. पॅनलची किल्ली नव्हती. ती आधीच्या वॉचमनच्या खिशात राहून त्याच्या गावाला गेली होती. पॅनलचा आतला बझर कापूस आणि चिकटपट्टीनं गप्प केलेला. मुख्य म्हणजे हिरवा दिवा लागलेला, एकही फॉल्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे दिवाळीच्या आधी रंगकाम झालं होतं. पेंटरनं धूळ जाऊ नये म्हणून डिटेक्टरवर लाल प्लॅस्टिकच्या टोप्या चढवल्या होत्या. चांगलंच केलं होतं त्यानं. त्या काढायला मात्र कोणी आलं नव्हतं. 19 पैकी 11 डिटेक्टर टोप्या घालून बसले होते, लग्नातल्या बँडवाल्यांसारखे. पॅनलच्या दृष्टीनं ते अकराही ठणठणीत, कारण तार जोडलेली होती आणि आतलं सर्किट जागं होतं. धूर त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही हे पॅनलला कळायला काही मार्गच नव्हता.

त्याच मजल्यावर एका कंपनीनं मोठ्या हॉलचे पाच काचेचे केबिन केले होते. हॉलसाठी बसवलेला डिटेक्टर एका केबिनच्या वाट्याला आला, बाकीचे चार उघडे. हूटर बाहेरच्या पॅसेजमध्ये. माणसाच्या कानापर्यंत निदान 65 डेसिबल आवाज पोचायला हवा, असा या क्षेत्रातला प्रचलित निकष आहे. काचेचं दार लावून, हेडफोन घालून बसलेल्या पोराला काय ऐकू येणार? पॅनल हूटरपर्यंतची तार मोजतं, ऐकणाऱ्याचा कान मोजत नाही.

जुन्या कन्व्हेन्शनल पॅनलांची गोष्ट तर आमच्या धंद्याला खाली मान घालायला लावणारी आहे. तिथे प्रत्येक झोनच्या तारेच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर बसवतात. पॅनल तो वाचून 'तार शाबूत आहे' असं समजतं. वर कुणी सीलिंगचं काम करताना तार कापली की फॉल्ट येतो. आता तो फॉल्ट शोधायचा म्हणजे सीलिंग उघडा, तार मागोवत जा, अर्धा दिवस घालवा. हुशार टेक्निशियन काय करतो? रेझिस्टर आणून थेट पॅनलच्या टर्मिनलवरच बसवतो. फॉल्ट गायब, हिरवा दिवा, मालक खूश. वरचा अख्खा मजला तारेविना. हे मी माझ्या डोळ्यांनी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. अशा पॅनलकडे नुसतं बघून फॉर्म भरणारा माणूस कदाचित प्रामाणिकही असेल. त्यानं वर जाऊन धूर सोडलेला नसतो, एवढंच.

बॅटरीचं तेच. पॅनलमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, जोडून 24 व्होल्ट. चार्जर चालू असताना मीटर लावला तर मेलेल्या बॅटरीवरही भरपूर व्होल्ट दिसतात, कारण ते चार्जरचे असतात. त्या सहा मजली संकुलात बॅटरीवर मार्करनं 2016 लिहिलं होतं, पोट फुगलेलं. अशा बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. मी मेन बंद केला. पॅनलनं बारा-पंधरा सेकंद श्वास घेतला आणि डोळे मिटले. आणि आगीच्या वेळी लोक पहिली गोष्ट काय करतात? मेन स्विच पाडतात. शॉर्टसर्किट असेल तर तो आपणच पडतो. म्हणजे बॅटरी लागते ती नेमकी त्याच मिनिटाला.

आता 'खोट्या' अलार्मकडे येतो, कारण टाळ्या सगळ्यात जास्त तिथे पडल्या होत्या. गृहस्थ म्हणाले, लांडगा आला रे आला, चौथ्यांदा कोण धावणार? गोष्टीतला पोरगा खोटं बोलत होता. डिटेक्टरला खोटं बोलता येत नाही. त्याच्या पोटात एक काळी, चक्रव्यूहासारखी डबी असते. एका कोपऱ्यात बारीक दिवा, दुसरीकडे उजेड ओळखणारा डोळा. दोघं एकमेकांसमोर नाहीत, मुद्दाम तिरके. स्वच्छ हवेत दिव्याचा उजेड डोळ्यावर पडत नाही. धूर शिरला की कणांवर आपटून उजेड विखुरतो, डोळ्यावर येतो आणि अलार्म होतो. त्याच डबीत वर्षानुवर्षांची धूळ नमद्यासारखी बसली, किंवा एखाद्या कोळ्यानं संसार थाटला, तरी उजेड विखुरतोच. तेव्हा डिटेक्टर म्हणत असतो, माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय. ती देखभालीची मागणी असते. मालक तिला उत्तर म्हणून पॅनलवर तो डिटेक्टर डिसेबल करतो आणि पुढच्या बैठकीत म्हणतो, बघा, अलार्म खोटा वाजतो, मग तपासणी कशाला! पॅन्ट्रीत टोस्टर जळला की वाजतो? मग तिथे धुराचा डिटेक्टर कुणी बसवला? तिथे उष्णतेचा हवा. डबी साफ करा, जागा बदला, जात बदला. हे सगळं करायला महिन्यातून एक माणूस आणि एक वही लागते.

खोटाच असेल असं धरून चालण्याची किंमत किती असते, याचं एक उदाहरण आमच्या क्षेत्रात शिकवलं जातं. 4 मे 1988 ची रात्र, लॉस एंजेलिस, फर्स्ट इंटरस्टेट बँकेची 62 मजल्यांची इमारत. साडेदहाच्या सुमाराला 12 व्या मजल्यावरचे डिटेक्टर बोलू लागले. सुरक्षारक्षकांनी अलार्म रिसेट केला. पुन्हा वाजला, पुन्हा रिसेट. मग वरच्या मजल्यांवरचे डिटेक्टरही बोलू लागले. शेवटी देखभाल विभागातल्या एका कर्मचाऱ्याला 'जरा बघून ये' म्हणून लिफ्टनं 12 व्या मजल्यावर पाठवलं. लिफ्टचं दार आगीतच उघडलं. तो परत आला नाही. अग्निशमन दलाला पहिली खबर गेली ती इमारतीतून नाही, बाहेरच्या लोकांकडून. पाच मजले जळाले. यंत्र त्या रात्री आपलं काम चोख करत होतं. 'नेहमीचंच आहे' असं समजून बटण दाबायची सवय त्याच्या आड आली.

त्याच इमारतीत बैठकीतल्या आणखी एका मुद्द्याचंही उत्तर सापडतं. कोणीतरी मागून म्हणालं होतं, "आमच्याकडे स्प्रिंकलर आहेत, अलार्मचं एवढं काय?" त्या इमारतीतही स्प्रिंकलरचं काम जवळपास नव्वद टक्के झालं होतं. पाइप होते. पण पाणी वाहिलं की इशारा देणारे अलार्म जोडायचे राहिले होते, म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवले होते.

आणि 'आग लागते तेव्हा माणसं आधीच ओरडत असतात' हे वाक्य. हे दिवसाच्या आगीचं, गजबजलेल्या दुकानातल्या आगीचं वाक्य आहे. व्यापारी इमारत रात्री नऊनंतर रिकामी होते. चौथ्या मजल्यावर गोदाम, कुलूप बाहेरून, वॉचमन खाली मोबाइलमध्ये. तिथे कोण ओरडणार? 9 जानेवारी 2021 ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. ती कळली ड्यूटीवरच्या परिचारिकेला धूर दिसला तेव्हा. 17 बाळं होती, सात वाचली, दहा गेली. ते रुग्णालय होतं, व्यापारी संकुल नव्हे, हे मला कळतं. पण ज्यांना ओरडता येत नाही, किंवा जिथे ओरडायला कोणी नसतं, अशा जागांसाठीच हे यंत्र माणसानं शोधलं. बैठकीत त्या वाक्यावर टाळी वाजवणाऱ्यांनी ते एकदा या घटनेसमोर ठेवून पुन्हा म्हणून बघावं.

"इतकी वर्षं काही झालं नाही" यावर लिहायला माझ्याकडे वेळ नाही.

व्यवसायात खोळंबा होतो ही तक्रार मात्र रास्त आहे. कॉल सेंटर चालू असताना अडीच दिवस हूटर वाजवणं कुणालाच परवडणार नाही. पण तसं करायला सांगतो कोण? ब्रिटिश संहितेप्रमाणे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एक मॅन्युअल कॉल पॉइंट, म्हणजे भिंतीवरचं अलार्मचं बटण, दाबून अलार्म वाजवतात, आणि प्रत्येक आठवड्याला वेगळा, म्हणजे फिरत फिरत सगळे होतात. दोन मिनिटांचं काम. लोकांना आधीच माहीत असतं की बुधवारी अकराला वाजणार, आणि बुधवारी अकराला वाजला नाही तर तेही लोकांच्याच लक्षात येतं. अमेरिकन संहिता प्रत्येक धूर डिटेक्टर वर्षातून एकदा प्रत्यक्ष तपासायला सांगते, आणि त्याची संवेदनशीलता बसवल्यानंतर वर्षभरात व पुढे एक वर्षाआड. आपल्याकडेही भारतीय मानक 2189 आहे. देखभाल कशी करायची ते त्यात लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे 300 डिटेक्टर वर्षभरात वाटून घ्या, महिन्याला 25 येतात. शनिवारी दुपारी दोन तासांत होतात. सहा महिन्यांतून एकदा सगळं अंगावर घेतलं की मग ते 'करून टाकावं' लागतं.

आणि वाजवून झाल्यावर आणखी एक गोष्ट बघायची असते, जी जवळजवळ कोणीच बघत नाही. अलार्म झाला की लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडी राहायला हवी, एसीचे पंखे बंद व्हायला हवेत, जिन्यात हवा भरणारे पंखे सुरू व्हायला हवेत, आणि कार्ड दाखवून उघडणारी काचेची दारं आपोआप सुटायला हवीत. कार्डवाल्या दारांचा कंत्राटदार वेगळा, फायरवाला वेगळा, दोघांमध्ये एक तार जोडायची असते. ती जोडली आहे का, हे विचारून बघा. मी ज्या ज्या ठिकाणी विचारलं, तिथे दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. अशा ठिकाणी अलार्म वाजेल आणि माणसं काचेच्या आतल्या बाजूला कार्ड शोधत उभी राहतील.

आपल्याकडे मोठी आग झाली की पंधरा दिवस तपासण्यांचा सपाटा लागतो. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आगीत 14 जण गेले तेव्हा मुंबईत हातोडे निघाले, नोटिसा निघाल्या, आमचे फोन रात्रीअपरात्री वाजले. मग होळीपर्यंत सगळं निवलं. 2012 च्या जूनमध्ये खुद्द मंत्रालय जळलं, पाच माणसं गेली. तेव्हा सरकारनं नाटक बंद करावं ही मागणी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की सरकारही त्याच प्रेक्षागृहात बसलेलं आहे. फॉर्म बी रद्द केला तर जे थोडे मालक तपासणी खरोखर करून घेतात त्यांच्या हातातलं एकमेव कारणही जाईल. भागीदारांच्या बैठकीत "कायद्यानं करावं लागतं" एवढं एकच वाक्य तिथे चालतं, हे मला अनुभवानं माहीत आहे. मी उलट म्हणतो की फॉर्म ठेवा, पण त्यावर एक रकाना वाढवा: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता कॉल पॉइंट दाबला, आणि कोणकोणत्या मजल्यावरच्या माणसानं आवाज ऐकला. त्या माणसाची सही. आमची सही विकत मिळते. चौथ्या मजल्यावरच्या अकाउंटंटची फुकटात खोटी मिळणार नाही, कारण त्याला त्याच मजल्यावर रोज बसायचं आहे.

त्या ज्येष्ठ गृहस्थांना माझं जाहीर निमंत्रण आहे. येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्या स्वतःच्या संकुलात भेटू. मजला त्यांनी निवडावा, कॉल पॉइंट त्यांनी निवडावा, मेन स्विच त्यांनीच पाडावा. वाजला, सगळ्या मजल्यांवर ऐकू आला, दारं सुटली, लिफ्ट खाली आली, तर पुढच्या बैठकीत मी उभा राहून त्यांची माफी मागेन आणि चहा माझ्याकडून. नाही वाजला, तर या जुलैच्या फॉर्मवर काय लिहिलं आहे ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू. शिडी, काठी आणि धुराचा डबा मी आणतो. पॅनलची किल्ली तेवढी शोधून ठेवा.